अंगणाचा हिशेब जमिनीखालून

आमच्या अंगणातल्या काँक्रीटला दुसऱ्या पावसाळ्यानंतर भेग गेली, ती तुळशीवृंदावनाच्या कोपऱ्यापासून थेट फाटकापर्यंत. वर दगडी फरशीसारखी नक्षी, विटकरी रंग, दिसायला सगळं अजून नवं कोरं. दिवाळीच्या आधी कडेचा एक तुकडा फोडून घेतला आणि टेप लावली. मधे पावणेतीन इंच, कडेला अडीच. खाली दोन बोटं खडीचा चुरा आणि त्याखाली आमची सांगलीकडची काळी माती, बोटानं दाबली की आत जाणारी. ठेकेदारानं दर सांगितला होता फुटाला १४० रुपये, ‘सगळं धरून’. तीनशे फुटांचे ४२ हजार झाले. जाडी किती आणि खाली काय, हे मी विचारलं नव्हतं, त्यानं लिहून दिलं नव्हतं. चार इंचांच्या जागी तीन इंच ओतलं तर एवढ्या अंगणात सहा पोती सिमेंट वाचतं. त्या सहा पोत्यांपायी सगळं काम वाया गेलं.

दुसऱ्या वेळी हिशेब मी स्वतः मांडला आणि तो खालून वर मांडला: आधी जमीन, मग काँक्रीट, मग नक्षी. बहुतेक जण उलट करतात. साच्यांचा अल्बम समोर येतो, कुणी कोबल पसंत करतं, कुणी लाकडी फळ्यांचा ठसा, आणि उरलेल्या पैशात जमीन बसवली जाते. नक्षीचं काँक्रीट म्हणजे शेवटी ओल्या स्लॅबवर रंगाची पूड मारून रबरी साच्यांनी दाबलेला ठसा. खालचा स्लॅब हलला की नक्षीसकट हलतो.

पुढची कृती २० फूट बाय १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट अंगणाची आहे. हे माप हिशेबाला फार सोयीचं आहे. ३०० फुटांवर ४ इंच जाडी म्हणजे बरोबर १०० घनफूट, एक ब्रास काँक्रीट. तुमचं अंगण दीडशे फूट असेल तर सगळं निम्मं करा, साडेचारशे असेल तर दीडपट.

१. आधी वापर, मग माप

चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक फूट धरून अंगण काढा. त्यावर घरातल्यांना विचारून खुणा करा. आमच्याकडे तीन गोष्टी निघाल्या, आणि तिन्हींनी खर्च बदलला.

पहिली रांगोळी. ठशाच्या खाचाखोचांवर रांगोळीची रेघ सरळ पडत नाही आणि सीलर मारल्यावर ती सरकते. म्हणून दारासमोर ३ बाय ३ फुटांचा चौकोन गुळगुळीत, घोटाई करून ठेवायचा. तिथे साचा नाही, सीलर नाही. दुसरी गोष्ट वाळवण. सांडगे, कुरडया चादरीवर घातल्या तरी खाली नक्षीचे उंचवटे नकोत, आणि उन्हाळ्यात गडद रंगावर अनवाणी पाय ठेववत नाही. त्यामुळे रंग फिका विटकरी ठरला. तिसरी गोष्ट गाडी. अंगणात चारचाकी उभी राहणार असेल तर जाडी ५ इंच धरा. काँक्रीट १०० वरून १२५ घनफुटांवर जातं आणि सगळं सामान सव्वापट लागतं. आमची गाडी बाहेर उभी राहते, म्हणून ४ इंच पुरले.

आता ढाळ. नक्षीच्या काँक्रीटला फुटाला पाव इंच ढाळ द्यावा, कारण खाचांत पाणी अडतं आणि पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ धरतं. घराकडून बाहेर १५ फुटांत पावणेचार इंच उतार येतो. घराकडची कड उंबऱ्याच्या किमान सहा इंच खाली राहायला हवी. ही दोन मापं पाण्याच्या लेव्हल ट्यूबनं भिंतीवर आणि खुंट्यांवर आखून घ्या, खडूनं नको, रंगानं. खोदाई किती, मुरूम किती हे याच दोन रेघांवरून ठरतं.

२. जमीन

काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. तिच्यावर टाकलेला स्लॅब वर्षातून एकदा वर ढकलला जातो आणि एकदा खाली बसतो. यावर एकच उपाय आहे, ती माती काढायची आणि मुरूम भरायचा. कोकणात जांभ्यावर किंवा डोंगरउताराच्या मुरमाड जमिनीवर घर असेल तर हा खर्च पुष्कळ कमी होतो. तिथे वरची भुसभुशीत माती काढून सहा इंच भर पुरते. आमच्याकडे ते चालत नाही.

हिशेब असा केला. मुरूम १२ इंच, वर काँक्रीट ४ इंच, मिळून १६. अंगण आजूबाजूच्या मातीपेक्षा २ इंच वर राहायला हवं, म्हणून खोदाई १४ इंच. ३०० फुटांवर १४ इंच म्हणजे ३५० घनफूट, साडेतीन ब्रास. खोदलेली माती सैल होऊन सुमारे सव्वापट होते, म्हणजे उचलायला साडेचार ब्रास. ही माती टाकायला पैसे देऊ नका. काळी माती रोपवाटिकेला, बागवाल्यांना हवी असते. आम्हाला फक्त ट्रॉलीचं भाडं पडलं.

मुरूम १२ इंच दाबून बसलेला हवा, म्हणजे तीन ब्रास. सैल मुरूम धुमस मारल्यावर बसतो, म्हणून चार ब्रास मागवा. इथे फसगत होते ती ट्रॉलीच्या मापात. ‘एक ब्रास’ म्हणून आलेली ट्रॉली आमच्या दारात मोजली: लांबी १० फूट, रुंदी ६ फूट, भर दीड फूट. गुणाकार ९०, म्हणजे ब्रासला दहा घनफूट कमी. भांडायची गरज पडली नाही, टेप दाखवून पैसे त्या मापानं दिले. मुरूम गौण खनिजात येतो, तेव्हा रॉयल्टीची पावती मागून घ्यावी. वाहन वाटेत अडलं तर खोळंबा आपल्याच कामाचा होतो.

मुरूम एकदम ओतायचा नाही. सहा इंचांचा थर, वर पाणी, मग धुमस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर. नंतर दुसरा सहा इंचांचा थर. टाचेनं जोर देऊन दाबलं तर खूण उमटू नये, इतका बसायला हवा.

वेळेचा हिशेबही इथेच येतो. आमच्या भागात कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर उसाकडे जातात, ट्रॉली मिळत नाही आणि मिळाली तर भाडं चढं. मी माती आणि मुरमाचं काम मे महिन्यात उरकलं. त्यावर एक पूर्ण पावसाळा गेला. दोन ठिकाणी खळगे पडले, तिथे दसऱ्यानंतर दोन पाट्या मुरूम टाकून पुन्हा धुमस मारली. काँक्रीट दिवाळीनंतर ओतलं. पावसानं जमीन बसवून दिली आणि खर्चही दोन हंगामांत वाटला गेला. ज्यांना एकरकमी पैसे काढणं जड जातं त्यांच्यासाठी यापेक्षा चांगली वाट मला माहीत नाही.

३. काँक्रीट

मिश्रण एम-२० धरा: एक भाग सिमेंट, दीड भाग क्रश सँड, तीन भाग खडी. ओलं काँक्रीट १०० घनफूट हवं असेल तर कोरं सामान १५४ घनफूट लागतं, कारण खडीच्या फटींत वाळू आणि वाळूच्या फटींत सिमेंट जाऊन बसतं. १५४ चे साडेपाच भाग केले की सिमेंट २८, वाळू ४२ आणि खडी ८४ घनफूट येते. सिमेंटचं ५० किलोचं पोतं सव्वा घनफूट भरतं, म्हणजे साधारण साडेबावीस पोती. सांडलवंड आणि नमुन्याचा तुकडा धरून २५ मागवा. वाळू अर्धा ब्रास, खडी एक ब्रास. थोडी उरेल, ती फाटकाबाहेर कामी येते.

पंचवीसही पोती एकाच कंपनीची, एकाच खेपेची घ्या. खेप बदलली की सिमेंटचा करडा रंग किंचित बदलतो आणि त्यावरचा विटकरीही बदलतो. साध्या स्लॅबला हे चालून जातं, रंगीत अंगणात पट्टा दिसतो.

सळई ८ मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी फुटाफुटावर. आडव्या-उभ्या मिळून १९४ मीटरच्या आसपास लांबी होते, मीटरला सुमारे ४०० ग्रॅम, म्हणजे ७७ किलो. ८० किलो धरा. जाळी जमिनीवर पडून राहिली तर पैसे मातीत गेले. खाली कव्हर ब्लॉक हवेत आणि जाळी स्लॅबच्या मधे हवी. बिगारी घमेलं घेऊन तिच्यावरून चालतात तेव्हा ती खाली दबते, म्हणून ओतताना एक माणूस आकड्यानं ती उचलत राहील असं आधीच ठरवून घ्या.

मजुरी काढताना एक गोष्ट मी पहिल्यांदा चुकलो होतो. तीनशे फूट एका दिवसात ओतता येतात, पण एका दिवसात ठसे मारता येत नाहीत. पोत्याच्या मिक्सरवर तेवीस घाण्या काढायला दोन-अडीच तास जातात, आणि ठसा मारायची वेळ उन्हात जेमतेम तासाभराची असते. शेवटची घाणी पडेपर्यंत पहिला कोपरा दगड झालेला असतो. मग कारागीर त्यावर पाणी शिंपडून साचा बडवतात, आणि वरचा पापुद्रा पुढच्या वर्षी सुटतो. म्हणून अंगणाचे दोन भाग करा, १० बाय १५ फुटांचे, आणि दोन दिवसांत ओता. मजुरी थोडी वाढते, मिक्सरचं भाडं दोन दिवसांचं पडतं. पण मधला सांधा आपोआप दहा फुटांवर येतो, जो तसाही हवाच असतो.

सांध्यांचा खर्च कोटेशनमध्ये बहुतेकदा नसतोच. चार इंची काँक्रीट आठ-दहा फुटांच्या पुढे अखंड ठेवलं तर ते स्वतःच्या मर्जीनं तडकतं. आपण सरळ रेघेत, स्लॅबच्या जाडीच्या पाव भाग खोल, म्हणजे एक इंच चीर पाडून दिली की भेग त्या चिरेखाली लपते. दुसऱ्या दिवशी कटर मशीननं प्रत्येक भाग मधोमध कापून घ्या. घराच्या भिंतीशी, फाटकाच्या खांबाशी आणि तुळशीवृंदावनाभोवती मात्र ओतण्याआधी थर्माकोलची अर्धा इंची पट्टी लावायची, म्हणजे स्लॅब त्यांना चिकटत नाही. आमची भेग वृंदावनाच्या कोपऱ्यातून निघाली त्याचं कारण हेच, ती शंभर रुपयांची पट्टी तिथे नव्हती.

पाणी पोत्याला २५ लिटरपर्यंत. कालवायला सोपं जावं म्हणून बिगारी पाइप सोडून देतात. त्याऐवजी खुणेची बादली ठेवा. बोअरचं पाणी मचूळ असेल तर वापरू नका. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात हे विशेष सांगायला हवं, कारण त्या क्षारांचा पांढरा लोणा पुढे रंगावर फुटतो आणि कशानं जात नाही. टँकर मागवावा लागला तर तो खर्च वहीत लिहा.

४. नक्षी

इथे तीन वस्तू आणि एक कसब विकत घ्यायचं असतं. रंगीत हार्डनरची पूड चौरस मीटरला सुमारे ४ किलो. ३०० फूट म्हणजे २८ चौरस मीटर, तेव्हा ११२ किलो, २५ किलोच्या पाच गोण्या. साचा चिकटू नये म्हणून मारायची रिलीज पावडर ५ किलो. सीलर दोन हातांना मिळून १२ लिटर. साचे विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका, कारागीर स्वतःचे आणतो. हार्डनर आणि सीलर किती जागेला पुरतो हे कंपनीच्या गोणीवर आणि डब्यावर छापलेलं असतं. माझ्या आकड्यांपेक्षा तो आकडा खरा माना.

हार्डनरऐवजी लाल ऑक्साईड सगळ्या काँक्रीटमध्ये मिसळता येतो. सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्के धरला तर पोत्याला अडीच किलो, २५ पोत्यांना साठ किलोच्या वर जातो. फायदा असा की टवका उडाला तरी आत तोच रंग. तोटा असा की वरचा थर हार्डनरइतका कठीण होत नाही. खुर्च्या-टेबलं ओढली जाणार असतील तर हार्डनर घ्यावा असं माझं मत.

नमुना मागितल्याशिवाय रंग ठरवू नका. दोन फूट बाय दोन फूट तुकडा, त्याच सिमेंटचा, त्याच पुडीचा, सीलर मारलेला. तो सकाळच्या उन्हात बघा, मग वर तांब्याभर पाणी ओतून बघा. अल्बममधला विटकरी आमच्या घराच्या पिवळसर भिंतीशेजारी जांभळट दिसला. एक पोतं सिमेंट खर्च करून ते कळलं हे बरं झालं.

ठसा कधी मारायचा हे कारागिराला कळतं, पण आपणही बघू शकतो. वरचं पाणी उडून गेलं की अंगठा दाबा. पाव इंच आत जाऊन काठ उभे राहिले आणि अंगठ्याला काही लागलं नाही, तर साचे लावायची वेळ झाली. त्या सकाळी मी घराकडच्या कडेला उकिडवा बसून दर दहा मिनिटांनी अंगठा दाबत होतो. साडेदहाला चिकट होतं, अकराला नव्हतं. कारागिरानं पहिला साचा ठेवला, वर उभा राहिला, लाकडी ठोक्यानं चार कोपरे बसवले आणि उचलला तेव्हा पाथरवटानं छन्नी मारावी तशी रेघ खाली उमटली होती. तो थांबला नाही. दुसरा साचा पहिल्याच्या काठाला लावलेला होता. त्याला ३५ रुपये फूट दिले याचं मला काही वाटत नाही.

५. वहीचं पान

आता बेरीज. खालचे दर माझ्या वहीतले, गोल केलेले आहेत. तुमच्या गावचे दर वेगळे असतील. रकाने मात्र हेच ठेवा.

जमीन: खोदाई आणि माती उचलणं ७,०००, मुरूम ४ ब्रास ८,०००, पाणी मारून दाबणं २,५००, काँक्रीटखालचा प्लास्टिक कागद १,५००. एकूण १९,०००.

काँक्रीट: सिमेंट २५ पोती ९,५००, क्रश सँड २,५००, खडी ४,०००, सळई ५,२००, मिक्सर, व्हायब्रेटर आणि कडेच्या फळ्या ५,०००, सळई बांधण्यापासून दोन दिवस ओतण्यापर्यंतची गवंडी-बिगारी मजुरी ९,३००. एकूण ३५,५००.

नक्षी: हार्डनर ५,०००, रिलीज पावडर १,०००, सीलर ४,८००, ठशांची कारागिरी १०,५००, सांधे कापणं १,५००. एकूण २२,८००.

पाणी मारणं आणि झाकणं: १,५००.

बेरीज ७८,८००. यावर दहा टक्के हातचे, ८,०००. म्हणजे ८६,८००, फुटाला २८९ रुपये. पहिल्या वेळच्या १४० च्या दुप्पट. हा आकडा बघून मी वही मिटली होती आणि आठवडाभर उघडली नव्हती. मग रकाने पुन्हा वाचले. त्यातला जवळजवळ पाव खर्च जमिनीचा होता, आणि १४० रुपयांच्या दरात तो रकानाच नव्हता.

६. कुठे कापायचं

पैसे कमी पडत असतील तर कात्री नक्षीवर चालवा किंवा क्षेत्रफळावर, जाडीवर आणि मुरमावर नाही.

नक्षीवर चालवायची तर कडेनं दोन फुटांचा पट्टाच ठशांचा करा आणि आत ओल्या काँक्रीटवर झाडूनं बारीक रेघा ओढून घ्या. २० बाय १५ च्या अंगणात असा पट्टा १२४ फूट भरतो. हार्डनर, रिलीज आणि कारागिरी मिळून साडेसोळा हजारांवरून सात हजारांच्या खाली येतात. लहान कामाला कारागीर किमान रक्कम सांगतो, ती आधी विचारा. दिसायलाही हे वाईट नाही. आमच्या गल्लीत एकांनी असंच केलंय आणि मला ते आमच्यापेक्षा नेटकं वाटतं, कारण मधला मोकळा भाग डोळ्याला विसावा देतो.

क्षेत्रफळावर चालवायची तर पन्नास फूट जागा मातीचीच ठेवा. तिथे अबोली लावा, मोगरा लावा. पावसाचं पाणीही मुरेल. चारही रकाने एकदम उतरतात.

७. ठेकेदाराशी बोलताना

दर फुटाला किती हा प्रश्न शेवटी विचारा. आधी एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहून त्यावर सही घ्या: दाबलेला मुरूम किती इंच, काँक्रीटची जाडी किती, मिश्रण कोणतं, सळई किती अंतरावर, सांधे कोण कापणार, सीलरचे हात किती आणि कधी, पाणी कोण मारणार, वीज-पाणी कुणाचं, फोडतोडीचा राडारोडा कोण उचलणार, आणि जीएसटी दरात धरलाय की वर आहे. शेवटचा मुद्दा लहान नाही. नोंदणी असलेला ठेकेदार बांधकामाच्या बिलावर १८ टक्के लावतो. ७० हजारांच्या कामात ते बारा हजार सहाशे होतात. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे त्याआधीचं कोटेशन कुणी पुढे केलं तर सिमेंटचा दर नव्यानं विचारा.

पैसे चार हप्त्यांत द्या. मुरूम दाबून झाल्यावर एक, सळई बांधून झाल्यावर एक, ठसे झाल्यावर एक, आणि किमान दहा टक्के सीलरच्या दुसऱ्या हातानंतर. दुसरा हप्ता देण्याआधी स्वतः जाडी मोजा. समोरासमोरच्या फळ्यांवर दोरी ताणून धरायची आणि दोरीपासून मुरमापर्यंत टेप सोडायची, दहा ठिकाणी. आमच्याकडे आठ ठिकाणी चार इंच आले, दोन ठिकाणी साडेतीन. तिथला मुरूम तेव्हाच खरवडून काढला. गवंड्यानं काही मनाला लावून घेतलं नाही. दोरी त्यानंच दुसऱ्या टोकाला धरली होती.

८. ओतल्यानंतरचे अठ्ठावीस दिवस

दोन दिवसांनी रिलीज पावडर पाण्यानं आणि मऊ झाडूनं धुऊन काढतात. मग पाणी. साध्या स्लॅबवर आपण गोणपाट टाकतो, रंगीतावर टाकू नका. नव्या गोणपाटाचा तपकिरी रंग उतरतो आणि डाग राहतात. घरातल्या जुन्या पांढऱ्या चादरी, धोतरं धुऊन वापरा आणि ती सतत ओली ठेवा. बाजारात मिळणारं सिमेंट बहुधा पीपीसी असतं, त्याला किमान दहा दिवस पाणी लागतं. मी चौदा दिवस मारलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि वारं सुटलं तर मधेही. घरात कुणी नसणार असेल तर एका माणसाला रोज ठरवून द्या आणि ते पैसे वहीत लिहा. मी म्हणूनच हा रकाना वेगळा काढला आहे. मजुरीत धरला की तो मजुरीतच विरून जातो.

सीलर अठ्ठावीस दिवसांनी, अंगण पूर्ण कोरडं असताना, पातळ दोन हात. घाईनं मारला तर आतली ओल अडकते आणि पांढरट ढग उमटतात. तुळशीभोवती, नळाजवळ आणि पायऱ्यांखाली सीलरमध्ये घसरण रोखणारी पूड मिसळून घ्या. तकाकी कमी होते, पण पावसात म्हाताऱ्या माणसाचा पाय तिथेच पडतो.

सीलर कायमचा नसतो. साधारण दोन-तीन वर्षांनी पुन्हा एक हात लागतो, आणि त्याचे सहा लिटरचे पैसे मी आजच अंगणाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत. कधी मारायचा हे तारखेवरून ठरवत नाही. कार्तिकात पाऊस सरला की सकाळी तांब्याभर पाणी तीन ठिकाणी शिंपडायचं: घराकडच्या कडेला, मधोमध आणि फाटकाशी. थेंब अळवाच्या पानावर राहतात तसे गोल उभे राहिले तर एक वर्ष जाऊ द्यायचं. पसरून आत मुरले आणि जागा गडद झाली, तर डबा मागवायचा. यंदा घराकडे आणि मधे थेंब उभे राहिले, फाटकाशी मुरले. फाटकाजवळच्या साठ फुटांपुरता दीड लिटर सीलर आणायचा आहे.